किडनीच्या रुग्णाचे नळीतले अन्न : किती द्यायचे, कोणी द्यायचे?

घरातल्या माणसाची किडनी एकाएकी बंद पडून तो दवाखान्यात भरती झाला, की वस्तीतून भेटायला येणारा प्रत्येक जण दोन गोष्टी विचारतो. क्रिएटिनिन किती आले? डायलिसिस लागेल काय? अमरावती असो की अकोला, वॉर्डाबाहेर बसलेल्या बायामाणसांच्या तोंडी हेच दोन प्रश्न असतात. तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारते: चार दिवसांपासून या माणसाच्या पोटात काय गेले?

आमचे म्हणणे असे आहे की हा तिसरा प्रश्न पहिल्या दोन प्रश्नांइतकाच महत्त्वाचा आहे. किडनी अचानक बंद पडलेल्या रुग्णाला अन्न देणे हा उपचाराचा भाग आहे. तोंडाने जात नसेल तर ते नाकातल्या नळीने द्यावे लागते. आणि ते औषधासारखेच मोजून, केसपेपरवर लिहून, दवाखान्याने द्यायचे असते. नातेवाइकाच्या हाती सिरिंज देऊन "काहीतरी पातळ करून द्या" एवढे सांगितले, म्हणजे उपचार झाला असे आम्ही मानत नाही.

आम्ही वॉर्डात वर्षानुवर्षे ड्युटी केली आहे आणि आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. दोन्हीकडून जे दिसले त्यावरून हे लिहीत आहोत.

अचानक बंद पडलेली किडनी आणि जुना आजार

आपल्या वऱ्हाडात किडनी हा शब्दच लोकांना धडकी भरवतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतल्या कितीतरी गावांत जमिनीखालचे पाणी खारे आहे. तिथून किडनीच्या जुन्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. त्या गावांतल्या पुष्कळ घरांत कोणी ना कोणी पथ्यावर असते. मीठ कमी, डाळ कमी, अंडे बंद, मटण बंद, अशी यादी भिंतीवर चिकटवलेली असते.

हा जुना आजार हळूहळू, काही महिने किंवा काही वर्षे चालतो. आपण आज ज्या आजाराबद्दल बोलत आहोत तो काही तासांत किंवा काही दिवसांत होतो. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढले, किंवा सात दिवसांत दीडपट झाले, किंवा ५० किलो वजनाच्या माणसाला सलग सहा तास ताशी २५ मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली, तर डॉक्टर त्याला किडनीला अचानक झालेली इजा म्हणतात.

कारणे आपल्या आसपासचीच आहेत. शेतात घोणस चावते. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी संपते. २०२२ च्या जुलैत मेळघाटात पाचडोंगरी आणि कोयलारी गावांत दूषित विहिरीच्या पाण्याने साथ आली आणि माणसे दगावली, हे आपण विसरलो नाही. पावसाळ्यात स्क्रब टायफस येतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याचे पुष्कळ रुग्ण सापडले. उन्हाळ्यात वीटभट्टीवर, बांधकामावर राबणाऱ्या माणसाला ऊन लागते. मे २०२४ मध्ये उन्हामुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावण्याची वेळ प्रशासनावर आली होती, इतके ते ऊन असते. बाळंतपणात फार रक्त गेले तरी किडनी बंद पडते. अंगात पाणी कमी असताना दुखण्याच्या गोळ्या घेत राहिले तरीही पडते.

या आजारात आणि जुन्या आजारात एक मोठा फरक आहे. वेळेवर उपचार झाले तर यातल्या पुष्कळ रुग्णांची किडनी काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा काम करू लागते. म्हणजे तेवढे दिवस माणसाला धरून ठेवणे हे खरे काम आहे. आणि नेमक्या त्याच दिवसांत घरच्यांच्या मनात ती भिंतीवरची जुनी यादी असते. "किडनी खराब हाय ना त्याची, मंग जेवन काहून देता?" असे आम्हाला कितीदा तरी विचारले गेले आहे. विचारणाऱ्या माणसाचा हेतू वाईट नसतो. त्याने जे पथ्य पाहिले ते दुसऱ्या आजाराचे होते, एवढेच.

उपाशी ठेवल्याने काय होते

तापाने फणफणलेल्या, जखमी किंवा रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या माणसाचे शरीर निरोग्यापेक्षा जास्त वेगाने झिजते. बाहेरून अन्न आले नाही तर ते स्वतःचे स्नायू जाळते. स्नायू जळाले की त्यातून युरिया तयार होतो, आणि तो बाहेर टाकणारी किडनी तर बंद आहे. म्हणजे ज्या युरियाच्या भीतीने आपण जेवण बंद केले, तोच उपासाने वाढतो. छातीचे स्नायूही झिजतात, मग खोकून बेडका काढायची ताकद राहत नाही. जखम भरत नाही. पाठीला बेडसोर होतात. डायलिसिस सुरू असेल तर दर वेळी रक्तातून प्रथिनांचे घटक सहा ते आठ ग्रॅमच्या आसपास वाहून जातात. ती भरपाई कुठून तरी व्हायला हवी.

मग "प्रथिने बंद" हे पथ्य आले कुठून? त्याला इतिहास आहे. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्याखाली हातपाय चिरडलेली माणसे जिवंत बाहेर निघत आणि काही दिवसांनी किडनी बंद पडून मरत. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी ते लिहून ठेवले. डायलिसिसचे यंत्र तेव्हा जवळजवळ कुठेच नव्हते. हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये ते बनवले आणि त्यावर पहिला रुग्ण वाचला १९४५ मध्ये. यंत्र नसलेल्या त्या काळात लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या ग्रॅहम बुल यांनी १९४९ मध्ये एक उपाय मांडला. ४०० ग्रॅम ग्लुकोज आणि १०० ग्रॅम शेंगदाण्याचे तेल एक लिटर पाण्यात घोटायचे आणि पोटात घातलेल्या नळीतून दिवसभर थेंब थेंब सोडायचे. प्रथिने शून्य, पोटॅशियम शून्य, पण सुमारे २५०० कॅलरी. किडनी स्वतःहून उघडेपर्यंत स्नायू जळू नयेत, यासाठी ही खटपट होती.

यातून दोन गोष्टी कळतात. किडनी बंद पडलेल्या रुग्णाला नळीने अन्न देणे ही आजकालची फॅशन नाही. त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. आणि प्रथिने पूर्ण बंद करणे हा यंत्र नव्हते तेव्हाचा नाइलाज होता. आज अमरावती आणि अकोला दोन्हीकडे डायलिसिस होते. तरी तो जुना नाइलाज पथ्य बनून आपल्या डोक्यात बसला आहे.

आजचे शास्त्र काय सांगते? किडनीच्या आजारांबद्दल जगभरचे तज्ज्ञ मिळून मार्गदर्शक नियम काढतात. त्यांच्या २०१२ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की डायलिसिस टाळण्यासाठी किंवा लांबवण्यासाठी प्रथिने कमी करू नका. दिवसाला दर किलो वजनामागे २० ते ३० कॅलरी द्या. डायलिसिस नसेल आणि शरीराची झीज फार नसेल तर किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम प्रथिने, डायलिसिस असेल तर १ ते १.५ ग्रॅम. आणि शक्य असेल तोवर अन्न आतड्यातूनच द्या, शिरेतून नको. ५० किलोच्या माणसाचा हिशेब केला तर १००० ते १५०० कॅलरी आणि ४० ते ५० ग्रॅम प्रथिने होतात, डायलिसिसवर ५० ते ७५ ग्रॅम.

युरोपातल्या आहारतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये तेच सांगितले: डायलिसिस लांबवण्यासाठी रुग्णाची प्रथिने कापू नका.

नळी टाकली म्हणजे संपले, हा गैरसमज

नाकातून पोटात जाणाऱ्या या नळीला वॉर्डात राईल्स ट्यूब म्हणतात. जॉन राईल या इंग्रज डॉक्टरांनी ती १९२१ च्या सुमारास वापरात आणली, त्यांचेच नाव तिला पडले. आपल्याकडे ती दिसली की घरचे खचतात. "नळी टाकली म्हंजे आता काही खरं नाही," असे म्हणत दूरचे पाहुणेही बोलावून घेतात. काही जण सही द्यायलाच नकार देतात.

रुग्णाला गुंगी आहे, श्वासाच्या यंत्रावर आहे, गिळताना ठसका लागतो किंवा चार घासांवर पोटात जातच नाही, अशा वेळी नळी टाकतात. गुंगीतल्या माणसाला चमच्याने पाजले तर ते श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो. नळी त्यापासून पुष्कळसा बचाव करते. रुग्ण शुद्धीवर आला, नीट गिळू लागला की ती काढतात. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला तोंडाने खाता येत नसेल तर साधारण ४८ तासांच्या आत नळीने अन्न सुरू करावे, असा आजचा संकेत आहे.

उलट, जो रुग्ण बसून खाऊ शकतो त्याला नळीची गरज नाही. रक्तदाब हाती येत नसेल, आतडे अडकले असेल, पोटात रक्तस्राव असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर डॉक्टर अन्न थांबवून ठेवतात किंवा शिरेतून देतात. म्हणून "आमच्या माणसाले नळी टाकाच" असा हट्ट धरायचा नाही. पण आज अन्न का सुरू नाही आणि कधी होणार, हे विचारायचे.

हेही सरळ सांगतो: नळीतल्या अन्नाने किडनी बरी होत नाही. किडनी बरी होते मूळ कारणावर उपचार झाल्याने. अन्न त्या उपचाराला टिकून राहण्याचे बळ देते.

सिरिंजमधून प्रत्यक्षात काय जाते

आता आमच्या मुख्य तक्रारीकडे येतो. ती कोणा एका दवाखान्याची नाही. सरकारी आणि खाजगी, दोन्हीकडे आम्ही ती पाहिली आहे.

केसपेपरवर "आरटी फीड" एवढेच लिहिलेले असते. किती मिलिलिटर, किती वेळा, कशाचे, ते कोरे. सिस्टर एकटी, वॉर्ड भरलेला. ती नातेवाइकाला एकदा दाखवते आणि ५० सीसीची सिरिंज त्याच्या हाती येते. मग ज्याच्या मनाला जे पटेल ते जाते. डाळीचे पाणी. चहा. नारळपाणी. मोसंबीचा रस. पाण्यात कालवलेले दूध. देणारा जीव लावून देतो, पण या रुग्णासाठी त्यातले काही निरुपयोगी असते आणि काही घातक.

डाळीच्या वरच्या पाण्यात प्रथिने नावापुरती असतात. ती तळाच्या डाळीत राहतात. पोटॅशियम मात्र शिजताना पाण्यात उतरते. म्हणजे नको ते मिळाले, हवे ते भांड्यात राहिले. नारळपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, एका नारळात सहा-सातशे. निरोगी माणसाला ते चांगले. ज्याची लघवी बंद आहे त्याच्या रक्तात ते साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. फार वाढले तर हृदय थांबते. फळांच्या रसाचेही तेच. दूधही सरसकट देण्यासारखे नाही, एका लिटरमध्ये दीड हजार मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. ते किती घ्यायचे हे रक्ताचा रिपोर्ट पाहून ठरते.

दुसरी गोष्ट पाण्याची. लघवी कमी झालेल्या आणि डायलिसिस नसलेल्या रुग्णाला दिवसभरात किती पाणी चालेल, याचा ढोबळ हिशेब असा करतात: काल जितकी लघवी झाली तितके, अधिक सुमारे ५०० मिलिलिटर. काल २०० मिलिलिटर लघवी झाली असेल तर आज ७०० च्या आसपास. त्यात सलाईन आले, औषधांचे पाणी आले, नळी धुण्याचे पाणी आले, आणि उरलेल्यात अन्न. ती उरलेली जागा आपण चहा आणि डाळीच्या पाण्याने भरली तर पोट भरलेले दिसते, माणूस उपाशीच राहतो. अशा रुग्णाला घट्ट अन्न लागते, थोड्या पाण्यात जास्त कॅलरी असलेले. तेवढ्यानेही भागत नसेल तर डायलिसिसने जादा पाणी काढून अन्नासाठी जागा करावी लागते. हा हिशेब घरचा माणूस कसा करील? तो करण्यासाठीच डॉक्टर, सिस्टर आणि आहारतज्ज्ञ आहेत.

शिवाय पथ्य रोज बदलते. किडनी उघडू लागली की काही रुग्णांना एकदम खूप लघवी होते आणि तेव्हा पोटॅशियम उलट कमी पडू शकते. जो बरेच दिवस उपाशी होता किंवा दारूने खंगलेला आहे, त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण अन्न दिले तर रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायक घसरते. त्याला तीन-चार दिवसांत हळूहळू वाढवत न्यावे लागते. कालचे पथ्य आजही चालेल असे नाही, म्हणून रोज नव्याने लिहिणारा माणूस हवा.

डबा घेतला की झाले, असेही नाही

काही ठिकाणी उलटे घडते. बाहेरच्या मेडिकलमधून प्रोटीन पावडरचे डबे आणायला सांगतात. एका डब्याला दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. घरचे उसनवारी करून आणतात आणि "जास्त दिले तर लवकर बरा होईल" म्हणून दोन चमच्यांऐवजी चार टाकतात.

जास्त दिल्याने फायदा होतो काय, हे तपासले गेले आहे. २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. १६ देशांतल्या अतिदक्षता विभागांतले, श्वासाच्या यंत्रावरचे १३०० हून अधिक रुग्ण त्यात होते. काहींना नेहमीइतकी प्रथिने दिली, काहींना जवळजवळ दुप्पट. जास्त प्रथिनांनी रुग्ण लवकर बरे झाले नाहीत. आणि ज्यांच्या किडनीला अचानक इजा झाली होती, त्यांना जादा प्रथिनांनी नुकसान झाल्याची चिन्हे दिसली.

म्हणजे उपाशी ठेवणे वाईट आणि ठासून भरणेही वाईट. महागडा "किडनी स्पेशल" डबा प्रत्येकाला लागतोच असेही नाही. युरोपच्या नियमांनुसार पुष्कळ रुग्णांना नेहमीचे नळीचे अन्न चालते. पोटॅशियम, फॉस्फरस किंवा पाण्याची अडचण असेल तेव्हा वेगळे निवडायचे. दूध, अंडे, भात, तेल, साखर यांतूनही आहारतज्ज्ञ मापात बसणारे अन्न बांधून देऊ शकते. दवाखान्याचे स्वयंपाकघर ते करू शकते. फक्त ते त्याचे काम आहे असे कोणीतरी ठरवायला हवे.

हे काम कोणाचे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्या आठांत अमरावती होता. या योजनेत डायलिसिस आहे. योजनेच्या पॅकेजमध्ये खाट, शुश्रूषा, औषधे, तपासण्या यांबरोबर रुग्णाचे जेवणही धरलेले आहे. मग जो रुग्ण चावून खातो त्याचे जेवण दवाखान्याचे, आणि ज्याला नळीने लागते त्याचे जेवण नातेवाइकाचे, हा न्याय कुठला? नळीतले अन्नही जेवणच आहे. ते दवाखान्यातून यायला हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर उत्तर येते: सिस्टर कुठे आहेत? ते खरे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत साध्या वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका धरली आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीला एका सिस्टरवर किती खाटा असतात, ते वॉर्डात एक रात्र काढलेल्या कोणालाही माहीत आहे. त्या सिस्टरवर ओरडून काही होणार नाही. तीही आपल्यासारख्याच घरातली लेक आहे. पण मनुष्यबळ कमी आहे म्हणून धोक्याचे काम अडाणी हाती देणे हा मार्ग नाही. नातेवाइकाला कोणी इंजेक्शन द्यायला सांगत नाही. नळी श्वासनळीत सरकली असताना दिलेले २०० मिलिलिटर दूध चुकीच्या इंजेक्शनइतकेच जीवघेणे ठरू शकते.

दुसरे उत्तर येते: नातेवाइकांनाच आपल्या हाताने द्यायचे असते. तेही खरे आहे, आणि त्यात माया आहे. विनयपिटकात बुद्धांनी आजारी भिक्खूची सेवा स्वतः केल्याची कथा आपल्याला माहीत आहे. तिथेच चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. त्यातला एक असा की त्याला पथ्य कोणते आणि अपथ्य कोणते हे कळते. तो पथ्य जवळ आणतो आणि अपथ्य दूर ठेवतो. नुसत्या मायेवर तिथेही भागवलेले नाही. माया करणाऱ्याला आधी शिकवा, शेजारी उभे राहून करून घ्या, आणि जबाबदारी मात्र सिस्टरचीच ठेवा, असे आम्ही म्हणतो.

घरच्यांनी काय विचारायचे

भरतीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले की हे पाच प्रश्न विचारा. वहीत उत्तर लिहून घ्या.

१. आमच्या माणसाला आज अन्न सुरू आहे काय? नसेल तर का, आणि कधी सुरू होईल?
२. दिवसाला किती कॅलरी, किती प्रथिने आणि एकूण किती पाणी ठरवले आहे?
३. आजचे पोटॅशियम किती आहे? त्यामुळे काय द्यायचे नाही?
४. नळीतले अन्न कोण बनवणार, कोण देणार?
५. आहारतज्ज्ञाला दाखवले काय?

हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, त्यात माहिती मिळण्याचा हक्क पहिल्या हक्कांपैकी आहे. हात जोडून विचारा, पण विचारा. एकट्याला संकोच वाटत असेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलीला किंवा महिला मंडळाच्या ताईंना सोबत न्या.

दवाखान्यात सिरिंज तुमच्याच हाती आली, तर एवढे तरी सांभाळा. नळी टाकल्यावर ती पोटातच आहे याची खात्री दवाखान्याने करून दिल्याशिवाय काही देऊ नका; पहिल्या वेळी एक्स-रे हा सर्वांत पक्का मार्ग. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून, हवा फुंकून आवाज ऐकण्याच्या पद्धतीवर विसंबू नका असे इंग्लंडच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ मध्येच सांगितले आहे. नाकाजवळ नळीवर जी खूण केलेली असते ती दर वेळी पाहा. खूण सरकली असेल तर थांबा आणि सिस्टरला बोलवा. रुग्णाची उशीकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवा, अन्न दिल्यावरही अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या. सिरिंज दाबून जोरात ढकलू नका, उंच धरून आपोआप उतरू द्या. ठसका, धाप, ओठ निळे पडणे, उलटी यांपैकी काही दिसले तर त्या क्षणी थांबा. हात धुवा, भांडे उकळलेले वापरा, घरचे बनवलेले अन्न दोन तासांवर बाहेर ठेवलेले असेल तर फेकून द्या. शेवटी नळी सांगितलेल्या मापाच्या पाण्याने धुवा. आणि प्रत्येक वेळी किती दिले, किती वाजता दिले, लघवी किती झाली, हे लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा.

नारळपाणी आणि फळे घेऊन भेटायला येणाऱ्या सोयऱ्यांना वॉर्डाच्या दारातच नम्रपणे थांबवा. त्यांना वाईट वाटेल. वाटू द्या.

आमची मागणी

अमरावती आणि अकोल्याच्या प्रत्येक मोठ्या दवाखान्यात, सरकारी असो की योजनेतला खाजगी, तीन गोष्टी व्हाव्यात. किडनी अचानक बंद पडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर औषधांच्या यादीतच अन्नाची ओळ असावी: काय, किती, किती वाजता. नळीचे अन्न दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून मोजून यावे. आणि ते सिस्टरने द्यावे किंवा तिच्या समोर दिले जावे, त्यासाठी रिकाम्या जागा भराव्यात.

जिल्हा रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अभ्यागत मंडळ असते. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. आपल्या भागातल्या विहारांनी, महिला मंडळांनी, भीम जयंती समित्यांनी ही मागणी लेखी द्यावी, पोच घ्यावी, महिन्याने पुन्हा जावे. जयंतीला ज्या शिस्तीने आपण मंडप उभारतो, त्यातली थोडी शिस्त एका अर्जामागे लावली तर हे होऊ शकते. पावसाळा दरवर्षी येतो, साप निघतात, जुलाबाची साथ येते, आणि त्या वॉर्डात पुढच्या खाटेवर आपल्याच वस्तीतले कोणी असते. त्याच्या केसपेपरवर अन्नाची ती ओळ लिहिलेली असावी.